विद्यार्थ्यांच्या डिझाइन प्रदर्शनाची मांडणी: खिळा ठोकण्याआधीची कामं

मांडणीवरून होणारी भांडणं बहुतेक भिंतीसाठी असतात, म्हणून आधी भिंत मोजा. 10 बाय 12 मीटरच्या हॉलचा परीघ 44 मीटर. त्यातून दारं, खिडक्या, स्विचबोर्ड वजा केले की समजा 30 मीटर उरले. वीस विद्यार्थी असतील तर प्रत्येकी दीड मीटर. ए1 मापाचं शीट उभं लावलं तर उंची 84.1, रुंदी 59.4 सेंमी, अशी दोन आणि मधे 6 सेंमी फट म्हणजे सव्वा मीटर. उरलेले 25 सेंमी शेजाऱ्याच्या कामापासूनचं अंतर. तिसरं शीट बसत नाही, आणि हे छपाईच्या आधी सांगावं. छापून आलेलं शीट कुणीही आपणहून मागे ठेवत नाही.

आता 1:50 प्रमाणात नकाशा काढा. हा हॉल 20 बाय 24 सेंमीचा होतो, ए4 कागदावर मावतो. 120 बाय 60 सेंमीच्या टेबलासाठी 24 बाय 12 मिमीचे पुठ्ठ्याचे तुकडे कापून सरकवत राहा. मुख्य वाट दीड मीटर ठेवा, म्हणजे व्हीलचेअर वळते. 90 सेंमीपेक्षा अरुंद जागा कुठेच नको. दारातून आत पहिले दोन मीटर मोकळे सोडा. व्हिडिओचा स्क्रीन दाराशी तर मुळीच नको, कारण पाहणारे थांबतात आणि मागची रांग जिन्यापर्यंत जाते. नकाशा ठरला की फरशीवर मास्किंग टेपनं खऱ्या मापात आखा आणि दोघांनी शेजारी-शेजारी चालून पाहा.

शीटचा मध्य जमिनीपासून 150 सेंमीवर यावा. खिळ्याची उंची अशी काढा: 150 अधिक शीटची अर्धी उंची, वजा वरच्या कडेपासून हुकापर्यंतचं अंतर. उभ्या ए1 ला हुक 5 सेंमी खाली असेल तर 150 + 42 - 5, म्हणजे 187. वरच्या कडा एका रेषेत आणायचा मोह होतो, पण शीटं वेगवेगळ्या मापांची असली की मध्यच जुळवलेला बरा. मॉडेलसाठी 90 ते 100 सेंमी उंचीचे ठोकळे चालतात. इमारतीचं मॉडेल मात्र थोडं खाली ठेवा, नाहीतर फक्त छप्पर दिसतं.

बडोद्याच्या जुन्या इमारतींत चुन्याचा गिलावा असेल तर खिळा ठोकताच भुगा पडतो. तिथे परवानगी घेऊन वर लाकडी पट्टी बसवा आणि नायलॉनच्या दोरीवर शीटं टांगा. प्रत्येक शीटला दोन दोऱ्या. एकीवर शीट तिरकं होतं. भिंत कमी पडली तर 8 बाय 4 फुटांचे प्लायचे पॅनेल उभे करा. 18 मिमीचा एक पॅनेल तीसेक किलोचा असतो. सरळ रांगेत तो धक्क्यानं कोसळतो, म्हणून नागमोडी जोडून उभे करावेत. मंडपवाल्याकडून भाड्यानं घेणार असाल तर लग्नसराईच्या आधीच सांगून ठेवा.

वर्षअखेरची प्रदर्शनं ऐन उन्हाळ्यात येतात, आणि इथलं ऊन फोम टेपला मानवत नाही. दुपारी गोंद मऊ होतो, शीट खाली येतं. शीट चिकटवायचा सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) 5 मिमीचा घ्या. एकाच बाजूला छापलेलं विनाइल (चिकट प्लास्टिक) लावलं तर तो वाकतो, म्हणून मागेही कोरं विनाइल लावा. पश्चिमेच्या खिडकीसमोर काचेची फ्रेम ठेवली तर दुपारनंतर त्यात कामाऐवजी खिडकीच दिसेल. सुटे कागद पंख्याखाली फडफडतात, त्यांच्या खालच्या कडेलाही पट्टी लावा.

दिव्याचा झोत शीटच्या मध्यावर, उभ्या रेषेशी साधारण 30 अंशांत पडावा. छत 3 मीटरवर असेल तर दिवा भिंतीपासून सुमारे 85 सेंमीवर येतो. त्याहून जवळ घेतला तर फ्रेमची सावली लांबते, दूर नेला तर पाहणाऱ्याची सावली कामावर पडते.

कामाशेजारी लावायच्या माहितीपत्रकाचा मजकूर 40 शब्दांच्या आत आणि 18 पॉइंटपेक्षा बारीक नको. ते शीटच्या उजव्या बाजूला, 130 सेंमी उंचीवर. इंग्रजीसोबत गुजराती हवंच. दांडिया बाजार, रावपुरा या इथल्या मराठी वस्तीच्या भागांतून नातवंडांचं काम बघायला आज्या येतात, तेव्हा मराठीत एखादी ओळ असली तर उत्तम. प्रत्येक पत्रकाच्या दोन जादा प्रती काढून ठेवा. दुपारी एखादं गळून पडतंच.