जिल्ह्यातून वृत्तवाहिनीसाठी बातमीदारी कशी करावी

मराठी वृत्तवाहिन्यांची मुख्य कार्यालये मुंबईत किंवा तिच्या आसपास असली, तरी पडद्यावर दिसणाऱ्या बातम्यांचा मोठा भाग जिल्ह्यांतून येतो. त्या पाठवणारी व्यक्ती बहुतेक वेळा एकटीच बातमीदार, कॅमेरामन आणि संकलक अशा तिन्ही भूमिका निभावत असते. हे काम करू इच्छिणाऱ्यांना त्याचे स्वरूप आधीच नीट कळावे, या हेतूने पुढील माहिती दिली आहे. उदाहरणांसाठी कोल्हापूर जिल्हा घेतला आहे, कारण पूर, ऊस, सहकार, सीमाप्रश्न आणि देवस्थान हे सगळे विषय तेथे वर्षभर आलटून पालटून समोर येत राहतात.

नेमणूक स्वीकारण्यापूर्वी

जिल्हा पातळीवर साधारणपणे तीन प्रकारच्या नेमणुका असतात. काही जण पगारी प्रतिनिधी असतात, काहींना दरमहा ठरलेले मानधन मिळते आणि उरलेले, म्हणजे संख्येने बरेचसे, स्ट्रिंगर म्हणून काम करतात. स्ट्रिंगरला बातमीगणिक पैसे मिळतात. पैसे बातमी पाठवल्यावर मिळणार की ती चालल्यावरच, एकाच घटनेचे लाइव्ह (थेट प्रक्षेपण), बाइट (कॅमेऱ्यासमोर घेतलेली छोटी प्रतिक्रिया) आणि पॅकेज (दृश्ये, बाइट व निवेदन जोडून तयार केलेली बातमी) या तीन बातम्या धरायच्या की एक, तालुक्याला जाण्याचा प्रवासखर्च कोणी सोसायचा आणि हिशेब किती महिन्यांनी होतो, हे प्रश्न संकोच न बाळगता पहिल्याच भेटीत विचारावेत. त्यांची तोंडी उत्तरे पुढे उपयोगी पडत नाहीत.

माझ्या मते लेखी नेमणूकपत्र हे वाहिनीचे चिन्ह असलेल्या बूम माइकपेक्षाही महत्त्वाचे आहे. पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधातील महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा हल्ल्याला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरवतो व त्याचा तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने करू नये असे सांगतो. परंतु त्याचे संरक्षण माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी पद्धतीने नेमलेल्या पत्रकाराला आहे. ती नेमणूक सिद्ध करणारा कागदच नसेल, तर पोलीस ठाण्यात पहिला तास आपण कोण आहोत हे सांगण्यातच जातो. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रांपुरताच होता; व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक २०२० च्या संहितेने श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यमही आणले, तरी तेथेही आपण कोणाकडे कामाला आहोत हे दाखवावे लागतेच. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या अधिस्वीकृतीसाठी, म्हणजे पत्रकार म्हणून मिळणाऱ्या सरकारी मान्यतेसाठी, संस्थेची शिफारस लागते आणि पुढे दुसरी नोकरी शोधताना अनुभवाचा दाखला मागितला जातो. म्हणून नेमणूकपत्र, ओळखपत्र, मानधनाच्या पावत्या आणि चाललेल्या बातम्यांची तारीखवार नोंद एका फाइलमध्ये पहिल्या महिन्यापासून ठेवत जावी.

शिक्षणाबाबत थोडेच सांगण्यासारखे आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि अमरावतीच्या भारतीय जनसंचार संस्थेच्या केंद्रात पत्रकारितेचे अभ्यासक्रम आहेत. पदवी उपयोगी पडते. पण सात-बारा, फेरफार, ग्रामसभेचा ठराव आणि प्रथम माहिती अहवाल वाचता येत नसेल, तर जिल्ह्यात तिचा फारसा उपयोग होत नाही.

दिवसाची घडी

सकाळच्या कामाची सुरुवात वाचनाने आणि फोनने होते. जिल्ह्यात येणाऱ्या सर्व दैनिकांच्या स्थानिक आवृत्त्या चाळाव्यात, पोलीस नियंत्रण कक्ष, अग्निशमन दल आणि सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात रात्री काय घडले याची विचारपूस करावी आणि वाहिनीच्या सकाळच्या बैठकीपूर्वी असाइनमेंट डेस्ककडे, म्हणजे कोणत्या बातम्या करायच्या हे ठरवणाऱ्या मुख्य कार्यालयातील विभागाकडे, दिवसाची यादी पाठवावी. यादीतील प्रत्येक ओळीत विषय, ठिकाण, कोण बोलणार आणि व्हिज्युअल्स किती वाजता मिळतील, एवढे असावे. "शेतकऱ्यांमध्ये नाराजी" ही यादीतली ओळ होऊ शकत नाही. "शिरोळमधील अमुक कारखान्याने चौदा दिवसांत उसाचे पैसे दिले नाहीत, दोन शेतकरी पावत्यांसह बोलतील, दुपारी एकपर्यंत" ही होऊ शकते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातील चौदा दिवसांची मुदत बातमीदाराला ठाऊक असली, तर नाराजीची बातमी नियमभंगाची बातमी होते आणि डेस्कवरचा माणूस ती सहजासहजी बाजूला टाकत नाही.

पालकमंत्र्यांचा दौरा, जिल्हा नियोजन समितीची बैठक, मोर्चा आणि पत्रकार परिषद या गोष्टी सगळ्यांकडे सारख्याच असतात. त्या करायच्याच असतात, मात्र त्यांच्यासोबत स्वतः शोधलेला किमान एक विषय यादीत रोज असावा. असे विषय सरकारी कार्यालयातील खालच्या मजल्यावर अधिक मिळतात. तलाठी, ग्रामसेवक, पाटबंधारे विभागाचा शाखा अभियंता, न्यायालयातील शिरस्तेदार आणि शवविच्छेदन कक्षाबाहेरचा कर्मचारी यांच्याशी काही काम नसतानाही बोलत राहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून तर न्यायालय हे स्वतंत्र बीट, म्हणजे बातमीदारीचे वेगळे क्षेत्र, झाले आहे आणि त्यासाठी निकालपत्र स्वतः वाचण्याची सवय आवश्यक आहे. एखादा कागद मिळतच नसेल, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात त्याचे शुल्क दहा रुपये असून उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांच्या आत मांडावा, अन्यथा अर्ज तेवढ्याच कारणावरून परत येतो.

चित्रीकरण, बाइट आणि लाइव्ह

आता बहुतेक काम मोबाइलवर होते. तो आडवा धरावा, प्रत्येक शॉट न हलवता दहा सेकंद ठेवावा आणि एकाच जागेचे दूरचे, मध्यम व जवळचे असे तीन शॉट घ्यावेत. बाइट घेताना माणसाला आधी मोकळेपणाने बोलू द्यावे आणि नंतर नेमका प्रश्न विचारावा, कारण पडद्यावर शेवटी पंधरा-वीस सेकंदच जाणार असतात. नाव, गाव आणि हुद्दा कॅमेऱ्यासमोरच सांगायला लावला, तर डेस्कवर नावाची चूक होत नाही. फीड, म्हणजे वाहिनीला द्यायचे चित्रीकरण, व्हॉट्सॲपने पाठवायचे असल्यास ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, नाहीतर चित्राचा दर्जा घसरतो. फीडसोबत जाणारी स्क्रिप्ट चार-पाच ओळींची असली तरी पुरते, पण तिच्यात आकडे आणि नावे अचूक असलीच पाहिजेत.

लाइव्हसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे, पॉवर बँक, ट्रायपॉड आणि वायरचा इअरफोन जवळ असावा. लाइव्ह सुरू होण्यापूर्वी येणारे कॉल बंद करावेत, अन्यथा नेमक्या वेळी कोणा नातेवाइकाचा फोन येतो आणि लिंक तुटते. अँकरचा आवाज काही सेकंद उशिरा पोहोचतो, म्हणून प्रश्न पूर्ण ऐकल्यावरच बोलावे आणि पहिल्याच वाक्यात ताजी माहिती द्यावी. "आपण पाहू शकतो की" या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये टाळता आली तर टाळावीत. प्रेक्षक पाहतच असतो, त्याला न दिसणारे सांगावे. अँकरने विचारलेली गोष्ट माहीत नसेल, तर ती अद्याप पोलिसांनी किंवा प्रशासनाने स्पष्ट केलेली नाही, एवढेच म्हणावे. लाइव्हमध्ये केलेला अंदाज काही मिनिटांत खालच्या पट्टीवर बातमी म्हणून फिरू लागतो आणि नंतर मागे घेता येत नाही.

जिल्हा बातमीदाराची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. या दोन आकड्यांमधला फरक ठाऊक नसलेला बातमीदार ४० फुटांवरच "पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली" असे सांगतो आणि प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत विनाकारण धावपळ उडते. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याच्या दाबाने दरवाजा आपोआप उघडला, की साधारण १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. त्यामुळे "धरणाचे दरवाजे प्रशासनाने उघडले" असे वाक्य तेथे चुकीचे ठरते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर, आणि साधारण साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी जाते. एवढे गणित पाठ असले, म्हणजे कर्नाटकातील अलमट्टी धरणाची क्षमता १२३ टीएमसी आणि राधानगरीची आठ टीएमसीहून थोडी अधिक, यातील तफावतही प्रेक्षकाला दोन वाक्यांत समजावता येते. पातळी आणि विसर्गाचे आकडे नेहमी वेळेसह सांगावेत, कारण सकाळी सातचा आकडा दुपारी चार वाजता जुना झालेला असतो. पाण्यात उतरून पीटूसी (कॅमेऱ्याकडे पाहून केलेले निवेदन) करण्याचा आग्रह डेस्ककडून आल्यास त्याला स्पष्ट नकार द्यावा. गढूळ पाण्याखाली उघडे चेंबर आणि विजेच्या तारा असतात, आणि कमरेइतक्या पाण्यात उभे राहून सांगितलेली माहिती काठावरून सांगितलेल्या माहितीपेक्षा अधिक खरी नसते.

काय दाखवू नये

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बालकांबाबत पोक्सो कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ लागू होते. ओळख केवळ नावाने उघड होते असे नाही. घराचा शॉट, शाळेचा फलक, वडिलांचा बाइट किंवा छोट्या वाडीचे नाव यांवरून संपूर्ण तालुक्याला मुलगी कोण ते कळते, आणि चेहरा धूसर करण्याचा मग काहीच उपयोग उरत नाही. शक्यतो असे चित्रीकरण करूच नये. एकदा फीड गेले की ते कोण कसे वापरील यावर बातमीदाराचा ताबा राहत नाही. आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचा आणि चिठ्ठीतील मजकुराचा तपशील टाळावा व टेली-मानस या मानसिक आरोग्यविषयक सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक डेस्कला द्यावा. निवडणुकीच्या काळात लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६ लक्षात ठेवावे: मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत निकालावर प्रभाव पाडू शकेल असा मजकूर दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही.

पुढची वाट

दोन-तीन वर्षांनी बहुतेकांसमोर प्रश्न उभा राहतो, की जिल्ह्यातच राहावे की मुंबईला जावे. मुंबईत नियमित पगार, निश्चित पाळी आणि इनपुट (बातम्या मिळवणाऱ्या) किंवा आउटपुट (त्या प्रसारणासाठी तयार करणाऱ्या) डेस्कवर बढतीची शक्यता असते. मात्र तेथे जिल्ह्याचा माणूस दहा जणांतला एक होतो, आणि घरभाडे दिल्यावर पगारवाढ फारशी उरत नाही. ज्यांना संकलन, अँकरिंग किंवा निर्मितीची ओढ आहे त्यांनी जावे, आणि लवकर जावे. ज्यांची खरी ताकद ओळखी आणि माहितीत आहे, त्यांनी केवळ प्रतिष्ठेसाठी जाऊ नये, असे मला वाटते.

जिल्ह्यात राहायचे तर उत्पन्नाचा दुसरा आधार लागतो, हे मान्य करूनच निर्णय घ्यावा. वृत्तपत्रासाठी लेखन, महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अध्यापन किंवा आकाशवाणी व दूरदर्शनसाठी जिल्हानिहाय नेमले जाणारे अंशकालीन वार्ताहराचे काम, हे मार्ग बातमीदारीशी विसंगत नाहीत. फक्त वाहिनीच्या करारात त्यांना मनाई नाही ना, हे पाहून घ्यावे. जाहिराती गोळा करण्याचे काम मात्र स्वीकारू नये. ज्या कारखान्याकडून दिवाळीची जाहिरात आणली, त्याच्या थकीत ऊसबिलाची बातमी मार्चमध्ये करता येत नाही, आणि हे सगळ्या गावाला बातमीदाराच्या आधी कळलेले असते. एखादी संस्था जाहिरातींचे उद्दिष्ट नेमणुकीतच बांधून देत असेल, तर ती नेमणूक बातमीदाराची नाही असेच समजावे.

स्वतःचे डिजिटल चॅनेल काढण्याकडे हल्ली अनेकांचा ओढा आहे. त्यासाठी भांडवल कमी लागत असले, तरी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम डिजिटल बातम्यांनाही लागू आहेत. तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीवर पंधरा दिवसांत निर्णय द्यावा लागतो आणि केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला प्रकाशकाचा तपशील कळवावा लागतो. मानहानीची नोटीस आली, तर वकिलाचा खर्चही स्वतःलाच करावा लागतो. सरकारी सेवेत जाऊ इच्छिणाऱ्यांनी लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जाणाऱ्या माहिती खात्यातील पदांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. अशा जाहिरातींत अनुभवाची अट आली, की सुरुवातीपासून जपलेली फाइल उपयोगी पडते.

वाहिनी बदलताना बूम, ओळखपत्र आणि उपकरणे पोचपावती घेऊन परत करावीत, थकीत मानधनाचा हिशेब ईमेलवर मागावा आणि जुने फुटेज नव्या ठिकाणी वापरण्यापूर्वी त्याचा हक्क कोणाचा आहे ते करारात तपासावे. मोबाइल क्रमांक मात्र कधीही कंपनीच्या नावावर घेऊ नये. तलाठ्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांकडे तोच क्रमांक असतो, आणि नोकरी सोडल्यावर तो कंपनीकडे राहिला, तर रात्री दोन वाजता येणारा फोन दुसऱ्या कोणाला तरी जातो.