कॉलेजच्या क्लबकडून पोहताना: लेन, घड्याळ आणि पहिली स्पर्धा

कॉलेजच्या जलतरण क्लबात नव्यानं येणाऱ्यांचे ढोबळ दोन गट पडतात. काही जण शाळेत असताना स्पर्धांमध्ये उतरलेले असतात आणि मध्येच अभ्यासापायी त्यांचं पोहणं सुटलेलं असतं. बाकीच्यांना पोहता छान येतं, पण ठरलेल्या सेकंदाला भिंत सोडून, वेळ लावून ते कधी पोहलेले नसतात. मी या दुसऱ्या गटातली. पुढे काही वर्षं क्लबकडून स्पर्धांत उतरले, नव्या मुलामुलींसोबत एकाच लेनमध्ये सराव केला आणि कुणाचं कुठे अडतं ते जवळून पाहिलं. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी क्लबचं गणित समजून घ्या. निवडक संघातला जलतरणपटू सकाळ-संध्याकाळ पाण्यात असू शकतो. क्लबात आठवड्याला तीन-चार सत्रं मिळतात, तासा-दीड तासाची, आणि त्यातही कधी प्रॅक्टिकल आडवं येतं तर कधी परीक्षा. एवढ्या वेळात नुसतं अंतर वाढवत नेऊन फारसा वेग येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की नवख्यानं आपलं लक्ष दोन ठिकाणी घालावं: काठावरचं घड्याळ आणि टँकची भिंत. बाकीचं पोहता पोहता सुधारत जातं, ही दोन मात्र मुद्दाम शिकावी लागतात.

पहिल्या दिवशी कोच विचारतात, ‘शंभर फ्रीस्टाइल कितीत जातं?’ उत्तर माहीत नसेल तर तसं सरळ सांगा आणि सर्वांत संथ लेन मागून घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. वेगवान लेनमध्ये शेपटाला लटकत राहिलं की विश्रांती मिळत नाही, कोपर खाली पडतं, पाय बुडतात आणि तासभर बिघडलेल्या स्ट्रोकचाच सराव होतो. त्यापेक्षा संथ लेनमध्ये पुढे राहून सगळा सेट (कोचनं दिलेली अंतरांची मालिका) नीट पुरा करणं कितीतरी फायद्याचं.

लेनमध्ये चार-सहा जण गोल पोहतात, एका कडेनं जायचं आणि दुसऱ्या कडेनं परत यायचं. कोणती कड ते त्या टँकवर ठरलेलं असतं, विचारून घ्या. पुढचा सुटल्यावर ५ सेकंदांनी आपण सुटायचं. मागच्यानं पायाला हलका हात लावला तर पुढच्या भिंतीशी कोपऱ्यात थांबून त्याला जाऊ द्यायचं, त्यात राग मानण्यासारखं काही नाही. थांबलात तर भिंतीच्या मधोमध थांबू नका, कारण मागून येणाऱ्याला टर्न मारायला, म्हणजे भिंतीशी वळायला, तीच जागा लागते. एवढं पाळलंत तर लेनमधले जुने लोक तुम्हाला दोन-तीन सत्रांत आपलं म्हणतात.

आता घड्याळ. टँकच्या काठावर मोठ्या तबकडीचं घड्याळ असतं आणि त्यातला सेकंदकाटाच आपल्या कामाचा. वरच्या खुणेला सगळे ‘साठ’ म्हणतात. समजा फळ्यावर लिहिलं आहे, १० × १०० फ्री, १:४५ वर. म्हणजे शंभर मीटर फ्रीस्टाइल दहा वेळा, आणि दर १ मिनिट ४५ सेकंदांनी भिंत सोडायची. लवकर आलात तर उरलेले सेकंद विश्रांतीचे. पहिलं शंभर साठवर सुटलं तर दुसरं ४५ वर, तिसरं ३० वर, चौथं १५ वर आणि पाचवं पुन्हा साठवर. हा क्रम सेट सुरू होण्याआधीच मनात दोनदा म्हणून घ्या, कारण दमछाक झाल्यावर साधी वजाबाकीही सुचत नाही. रांगेत तुम्ही तिसरे असाल तर या प्रत्येक आकड्यात १० मिळवायचे. तुमचं पहिलं शंभर १० वर सुटेल. भिंतीला हात लागताना काटा ४५ वर असेल तर तुमची वेळ झाली १:३५, आणि पुढचं शंभर ५५ वर, म्हणजे विश्रांती १० सेकंद.

हात लागताच, गॉगल वर सारण्याआधी, नजर काट्याकडे गेली पाहिजे. हे अंगवळणी पडलं की सराव कसा चालला आहे ते कुणाला विचारावं लागत नाही. दहाही शंभरांच्या वेळा एकमेकींपासून दोन-तीन सेकंदांत राहिल्या तर सेट चांगला गेला. पहिलं १:२५ आणि शेवटचं १:४४ असं झालं तर सुरुवातीला जोर जास्त लावला गेला. पुढच्या वेळी पहिली दोन शंभरं मुद्दाम आवरून पोहा. नवख्यांचा ओढा नेहमी पहिल्याच शंभरात शेजारच्या लेनला मागे टाकण्याकडे असतो. दमसास वाढतो तो सारख्या वेगानं पोहण्यातून.

सत्राचा साचा बहुतेक सगळीकडे सारखाच असतो: वॉर्मअप, मग ड्रिल (स्ट्रोकचा एकेक भाग सुटा करून घोटणं) आणि किक (नुसत्या पायांनी पोहणं), मग मुख्य सेट, शेवटी शांतपणे काही लांब्या (लांबी म्हणजे टँकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत). ड्रिल म्हणजे वेळकाढूपणा असं समजून लोक ते उरकतात, याची मला फार खंत वाटते. पाण्याचा विरोध हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे ताकद वाढवण्याआधी विरोध कमी करणं स्वस्तात पडतं. डोकं वर उचललं की कंबर खाली जाते. म्हणून नजर तळाकडे ठेवायची आणि श्वास घेताना डोकं न उचलता ते अंगाबरोबर कुशीवर फिरवायचं. श्वास सोडायचा तो पाण्यातच, तोंड बाहेर आल्यावर नाही. एका लांबीत किती हात पडतात तेही अधूनमधून मोजत जा. वेळ तीच राहून हातांची संख्या घटली तर काहीतरी बरोबर चाललं आहे.

भिंतीकडे वळते. २५ मीटरच्या टँकमध्ये २०० मीटर पोहायला ७ टर्न लागतात, ५० मीटरच्या टँकमध्ये ३. भिंतीला पाय रेटून निघालेलं शरीर पृष्ठभागावर हात मारणाऱ्या शरीरापेक्षा वेगात असतं, म्हणूनच लहान टँकमधल्या वेळा कमी येतात आणि दोन्हींच्या नोंदी वेगळ्या ठेवतात. दर टर्नला अर्धा सेकंद वाचला तर लहान टँकमधल्या २०० मध्ये साडेतीन सेकंद सुटतात. त्यासाठी जास्तीचा दम लागत नाही, फक्त लक्ष लागतं.

तळावरची काळी रेघ भिंतीच्या २ मीटर आधी आडव्या पट्टीनं संपते. फ्लिप टर्नची खूण तीच. तिथून शेवटचा हात ओढायचा, हनुवटी छातीशी आणायची, गुडघे मिटून कोलांटी घ्यायची आणि पाय भिंतीला लागले की पाठीवरच असताना रेटा द्यायचा. आधी वळून मग रेटा द्यायला गेलात तर वेग तिथेच मरतो. रेटा देताना तळव्यावर तळवा, दंड कानांमागे घट्ट आणि शरीर सरळ. भिंत सोडल्यावर पहिल्या हाताला श्वास घेऊ नका. सुरुवातीला फार जड जातं, पण या एका सवयीनं अख्खी लांबी सुधारते.

पाण्याखालच्या या वेगानं नियमही बदलायला लावले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा जलतरणपटू डेव्हिड बर्कॉफ १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये पहिल्या लांबीतला निम्म्याहून जास्त भाग पाण्याखालून डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून शेपटीसारखे हलवणं) मारत गेला. त्यानंतर बॅकस्ट्रोकमध्ये पाण्याखालच्या अंतरावर मर्यादा आली आणि पुढे ती १५ मीटर ठरली. १९९८ पासून फ्रीस्टाइल आणि बटरफ्लायलाही तीच मर्यादा आहे. लेनच्या दोरीवर १५ मीटरला वेगळ्या रंगाची खूण असते. आपल्यासारख्यांना ५-६ मीटर नीट सरळ अंगानं जाता आलं तरी पुष्कळ आहे.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. एका दमात पाण्याखालून किती लांब जाता येतं याच्या पैजा लावू नका, आणि एकट्यानं तर असा सराव कधीच करू नका. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः त्याच्यामुळेच. मग गुदमरल्याची जाणीव व्हायच्या आत ऑक्सिजन संपतो आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडतो. पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही हे होतं. लेनमध्ये कुणी असं करताना दिसलं तर थांबवा, वाईटपणा आला तरी चालेल.

खांद्याचं दुखणं अंगावर काढू नका. थकल्यामुळे स्नायू दुखणं वेगळं आणि हात वर नेताना एका ठरावीक जागी कळ येणं वेगळं. कळ आली की पॅडल (सरावात तळहाताला लावायच्या सपाट पट्ट्या) बाजूला ठेवा, अंतर कमी करा, कोचना सांगा आणि थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा. परीक्षेच्या आठवड्यात पोहणं पूर्ण बंद करण्यापेक्षा एखादं छोटं सत्र ठेवलं तर पाण्यावरची पकड टिकते, असा माझा अनुभव आहे. सामानाचं म्हणाल तर नीट बसणारा गॉगल आणि टोपी यांवर सुरुवात होते. किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी), पुलबॉय (मांड्यांमध्ये धरायचा तरंगता ठोकळा) बहुतेक ठिकाणी टँकवरच असतात.

पहिल्या स्पर्धेसाठी ५० आणि १०० फ्रीस्टाइल निवडा, आणि हात बसला असेल तर ब्रेस्टस्ट्रोक किंवा बॅकस्ट्रोकची एखादी शर्यत. आधीची अधिकृत वेळ नसेल तर साधारणपणे संथ हीटमध्ये (हीट म्हणजे एका वेळी एकत्र पोहणारा गट) आणि कडेच्या लेनमध्ये नाव येतं. आठ लेनच्या टँकमध्ये हीटमधला सर्वांत वेगवान चौथ्या लेनमध्ये असतो, त्यानंतरचा पाचव्या, मग तिसऱ्या, असं बाहेर सरकत जातं. हीटशीट, म्हणजे या गटांची यादी, लागली की आपला इव्हेंट, हीट आणि लेन हे तीन आकडे पेनानं हातावर लिहून ठेवा. जुनेजाणते जलतरणपटूही लिहितात.

स्टार्टचा क्रम ठरलेला असतो. आधी छोट्या शिट्ट्या येतात, म्हणजे अंगावरचे कपडे काढून तयार व्हा. मग एक लांब शिट्टी, म्हणजे ब्लॉकवर (काठावरच्या सूर मारायच्या चौथऱ्यावर) चढा. बॅकस्ट्रोक असेल तर या शिट्टीला पाण्यात उतरायचं आणि दुसऱ्या लांब शिट्टीला भिंतीशी यायचं. ‘टेक युवर मार्क्स’ ऐकू आलं की वाकून स्थिर व्हा. सिग्नलआधी सुटलात तर दुसरी संधी मिळत नाही. सूर मारताना हनुवटी आत ठेवा, नाहीतर गॉगल गळ्यात येतो. गॉगलचा पट्टा टोपीखाली घेतला तर आणखी बरं. ब्लॉकवरून सूर मारायला मात्र कोचच्या देखरेखीखालीच शिका. आंतरराष्ट्रीय नियमांत ब्लॉकच्या टोकाला पाणी किमान १.३५ मीटर खोल लागतं, ते उगाच नाही.

नवख्यांची नावं बाद होतात ती बहुधा तीन-चार कारणांनी. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. थकल्यावर एक हात मागे राहतो आणि पंचाचा हात वर जातो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंत सोडल्यावर पाण्याखाली एकच डॉल्फिन किक चालते. बॅकस्ट्रोकच्या टर्नला पोटावर वळल्यावर तसंच तरंगत भिंतीची वाट पाहता येत नाही, हाताची ओढ संपली की लगेच कोलांटी घ्यावी लागते. यासाठी भिंतीच्या ५ मीटर आधी वर टांगलेल्या पताकांपासून भिंतीपर्यंत आपले किती हात पडतात, ते वॉर्मअपमध्ये त्याच टँकवर मोजून घ्या.

शंभर फ्रीस्टाइलचं सांगायचं तर पहिले २५ सुराच्या जोरावर सोपे वाटतात आणि तिथेच लोक उधळतात. पहिले ५० वेगात पण हात लांब ठेवून पोहा. तिसऱ्या पंचविशीत पाय जड होतात, नेमकी तिथेच किक वाढवा. शेवटच्या ५ मीटरमध्ये श्वास नको आणि भिंत लागेपर्यंत मान वर नको. शर्यत संपल्यावर लगेच बसू नका. दहा मिनिटं सावकाश पोहा, मग दोन्ही पन्नाशींच्या वेळा वहीत टिपा. दुसरी पन्नाशी पहिलीपेक्षा दोन-तीन सेकंदांनी मंद असेल तर नवख्यासाठी ती छान शर्यत.

आणि रिलेसाठी कुणी विचारलं तर नाही म्हणू नका. वैयक्तिक शर्यतीत ज्यांचा नंबर शेवटून पहिला येतो, त्यांनाही रिलेत शेवटच्या १० मीटरमध्ये कुठून जोर येतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. फ्रीस्टाइल रिलेत पहिली जागा मिळाली तर घ्या, कारण पहिल्या जलतरणपटूचा स्टार्ट नेहमीच्या सिग्नलवर होतो आणि त्याची वेळ वैयक्तिक नोंदीलाही धरता येते. मधली जागा मिळाली तर आधी सरावात जोडीदारासोबत बदल घोटून घ्या. त्याचा हात भिंतीला लागण्याआधी तुमचे पाय ब्लॉकवरून सुटले की चौघांचीही शर्यत बाद होते. हात पुढे झोकायला मात्र त्याआधीच सुरुवात करता येते. जोडीदाराचा शेवटचा हात पाण्यात शिरताना तुमचं अंग पुढे कललेलं असावं, आणि पायाची बोटं मात्र ब्लॉकच्या कडेला घट्ट धरलेली.