मशीन लीजवर, गाळा भाड्यानं: सही करण्याआधीची तयारी

पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी, रिटर्न्स, बँक स्टेटमेंट हे सगळं लीज कंपनीच मागून घेते, त्यावर वेळ घालवत नाही.

आधी कोऱ्या कागदावर दोन तारखा लिहा. एक, मशीनचं लीज कधी संपतं. दुसरी, गाळ्याचा करार कधी संपतो. दोन्ही शेजारी शेजारी लिहा. मागच्या वेळी मी हेच केलं नाही. व्हीएमसीचं (धातू कापणाऱ्या संगणकी मशीनचं) लीज ६० महिन्यांचं आणि गाळा ३६ महिन्यांचा. मुदत संपल्यावर मालकाला जागा स्वतःला हवी होती आणि तो त्याचा हक्कच होता. मशीनचे हप्ते मात्र अजून दोन वर्षं बाकी होते. वर लीजच्या करारात कलम होतं की ठरलेल्या पत्त्यावरून मशीन हलवायचं तर लीज कंपनीची लेखी परवानगी लागेल. परवानगी, हायड्रा क्रेन, ट्रेलर, नवीन जागी लेव्हलिंग, वायरिंग आणि सर्व्हिस इंजिनिअर हा सगळा खर्च माझ्यावर आला आणि तेवढे दिवस काम बंद. म्हणून सांगतो, तारखा आधी.

आता मशीनचं लीज कोणत्या जातीचं आहे ते बघा, कारण नाव सगळ्यांना ‘लीज’च देतात. फायनान्स लीजमध्ये मशीनच्या उपयोगी आयुष्याचा मोठा भाग तुम्हीच वापरता. मधे सोडता येत नाही आणि देखभाल, विमा सगळं तुमच्याकडे. ऑपरेटिंग लीज त्या मानानं आखूड असतं आणि देखभाल बहुधा देणारा बघतो. फोर्कलिफ्ट, जनरेटर, झेरॉक्स मशीन अशा वस्तू त्यात जास्त दिसतात. सेल अँड लीजबॅकमध्ये आपलंच मशीन विकून तेच भाड्यानं घेतो आणि पैसा मोकळा होतो. हायर परचेस हे लीज नव्हे. तिथे शेवटचा हप्ता भरून मालक होण्याचा हक्क करारातच असतो. लीजमध्ये तो आपोआप मिळत नाही, म्हणून मुदतीअखेर मशीन परत जाणार की ठरलेल्या किमतीला तुम्हाला मिळणार हे करारात आकड्यासकट लिहून घ्या. ‘तेव्हा बघू’ हे तोंडी उत्तर मान्य करू नका.

दर सांगताना ‘हजाराला महिना अमुक’ अशी भाषा येते. समजा मशीन ३० लाखांचं, दर हजाराला महिना २४ रुपये आणि मुदत ४८ महिने. महिन्याला ७२,००० झाले, एकूण ३४,५६,०००. शेवटी मशीन ठेवायला १० टक्के ठरले तर वर ३ लाख, आणि जीएसटी वेगळा. ही बेरीज हातानं करा आणि कर्जाच्या हप्त्यांशी ताडून पाहा. कर्जानं विकत घेतलं तर १८ टक्के जीएसटी सुरुवातीलाच एकरकमी जातो, लीजमध्ये तो भाड्याबरोबर महिन्यामहिन्याला जातो. इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची आपल्या जीएसटीतून वजावट, दोन्हीकडे मिळतं, पण छोट्या धंद्यांच्या कंपोझिशन योजनेत असाल तर कुठेच मिळत नाही. घसारा सहसा मालक म्हणून लीज कंपनी घेते, तुम्हाला भाडं खर्चात दाखवता येतं. नफा बरा असेल तर या फरकानं निर्णय बदलू शकतो, तेव्हा सीएला सहीनंतर नव्हे, आधी विचारा.

मशीन आलं की एक स्वीकृतीचा कागद पुढे करतात. ट्रायल पूर्ण होऊन आपला जॉब मापात निघेपर्यंत त्यावर सही करू नका! बहुतेक करारांत त्या सहीपासून भाडं सुरू होतं, आणि नंतर मशीन बंद पडलं तरी हप्ता थांबत नाही. तक्रार मशीन बनवणाऱ्याकडे करायची, पैसे लीज कंपनीला देत राहायचे. वॉरंटीचा हक्क थेट तुम्हाला बजावता येईल असं लिहून घ्या.

दोन तारखा लिहिल्या ना? नसतील तर इथे थांबा आणि लिहा.

गाळ्याकडे वळू. आपल्याकडे ज्याला भाडेकरार म्हणतात तो बहुतेक वेळा लीव्ह अँड लायसन्स असतो. लीजमध्ये जागेतला हक्क तुमच्याकडे येतो, तो १८८२ च्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम १०५ चा विषय. लायसन्समध्ये नुसती वापराची परवानगी मिळते, तो त्याच वर्षीच्या ईझमेंट्स ॲक्टच्या कलम ५२ चा. हा फरक वकिलांपुरता नाही. कारखान्यासाठी दिलेलं लीज, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, कायदा वर्षावर्षाचं मानतो आणि ते संपवायला सहा महिन्यांची नोटीस लागते. लायसन्सवर तेवढा आधार नसतो, जे मिळतं ते करारातल्या शब्दांतून. म्हणून लॉक-इन, म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही तो, दोघांवर बंधनकारक हवं. छापील मसुद्यात ते अनेकदा फक्त घेणाऱ्यावर असतं, ते खोडून दोघांवर करून घ्या. मशीन ६० महिन्यांचं असेल तर गाळाही ६० महिन्यांचा मागा. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क ६० महिन्यांपर्यंत ०.२५ टक्के आहे, त्यापुढे गेलात तर लीजच्या दरानं आकारणी होते. हिशोब सोपा आहे. ४०,००० भाडं, ३६ महिने म्हणजे १४,४०,०००. दोन लाख अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून तीन वर्षांचे ६०,०००. एकूण १५ लाख, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ३,७५०. एवढ्यासाठी करार नोंदवायचा टाळू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नं करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे.

गाळा एमआयडीसीत असेल तर मालक स्वतःच बहुधा ९५ वर्षांच्या लीजवर बसलेला असतो. पोटभाड्यानं द्यायला त्याच्याकडे एमआयडीसीची परवानगी आहे का, तो कागद बघा. ‘इथे सगळे असंच देतात’ हे ऐकून पुढे जाऊ नका. वीजभारही बघा. मीटर मालकाच्या नावावर असेल तर महावितरणकडे भार वाढवायला त्याची संमती लागते. ती करारातच घ्या, मशीन दारात आल्यावर कोण देत बसतो?

आणि मालकाकडून एक पत्र घ्या, की गाळ्यातलं मशीन लीज कंपनीच्या मालकीचं आहे हे त्याला माहीत आहे, भाडं थकलं तरी त्यावर तो हक्क सांगणार नाही आणि ते बाहेर काढू देईल. पाया घातला असेल तर तो उखडून जागा कोणी पूर्ववत करायची तेही त्यात येऊ द्या. लीज कंपनीला मागायचं तेही आताच मागा: गाळा सोडावा लागला तर पत्ता बदलायला संमती अमुक दिवसांत द्यावी, विनाकारण अडवू नये. सहीआधी या दोन ओळी मिळवता येतात, नंतर मिळवणं फार जड जातं.

टीडीएस, म्हणजे भाडं देताना तुम्ही कापून सरकारकडे भरायचा कर: जागेच्या भाड्यावर १० टक्के, मशीनच्या भाड्यावर २ टक्के. एप्रिल २०२५ पासून मर्यादा महिन्याला ५०,००० आहे, भाडं त्यावर गेलं तरच कापायचा. तुम्हाला लागू आहे का ते सीए सांगेल. मालक जीएसटीत नसेल आणि तुम्ही नियमित नोंदणीत असाल तर गाळ्याच्या भाड्यावरचा जीएसटी रिव्हर्स चार्जनं तुम्हीच भरायचा, ऑक्टोबर २०२४ पासून. विम्यात लीज कंपनीचं नाव घाला. भाडेवाढ टक्क्यांत लिहा.

शेवटाकडचं थोडक्यात. परतीची नोटीस किती दिवस आधी द्यायची ते बघा, ती चुकली तर काही करार आपोआप पुढे सरकतात. परत देताना दोघांनी मिळून पाहणी, फोटो, सह्या. अनामत परत आणि ‘काही बाकी नाही’ असं पत्र, दोन्हीकडून. करार वाढवलात तर तारखा बदलतात, तेव्हा त्या कागदावर पुन्हा शेजारी शेजारी लिहा, मशीनची आणि गाळ्याची.