इन्सब्रुकची ऑलिंपिक मैदानं: बॅगेत काय, डोक्यात काय

तयारी कपड्यांपासून नाही, कॅलेंडरपासून सुरू करा. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये १९६४ आणि १९७६ अशी दोनदा हिवाळी ऑलिंपिक झाली, आणि तिथली मैदानं अजून कामावर आहेत. बर्गिझेलच्या टेकडीवर दर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात स्की-उडीची मोठी स्पर्धा भरते. त्या दिवसांत स्पर्धेचं तिकीट नसेल तर उडीचा मनोरा लांबूनच बघावा लागेल. शहरालगतच्या ईग्ल्समध्ये बॉबस्लेच्या, म्हणजे बर्फावरच्या वेगवान घसरगाडीच्या, घसरगुंडीवर सराव आणि शर्यती चालू असतात. त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी प्रत्येक ठिकाणाचं वेळापत्रक तपासा. एक दिवस मोकळाही ठेवा, कारण दक्षिणेकडून फ्योन नावाचा गरम वारा सुटला की डोंगरावरच्या केबल गाड्या थांबतात. २०२२ साली याच वाऱ्यामुळे बर्गिझेलची स्पर्धा रद्द होऊन बिशोफ्सहोफेन या दुसऱ्या गावी गेली. जिथे खेळाडूंचं चाललं नाही तिथे आपलं काय चालणार!

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण तो काढताना बारीक अक्षरं वाचा. साध्या पॉलिसीत बर्फावरचे खेळ बहुधा धरलेले नसतात आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणायचं बिल कमी नसतं. ईग्ल्सला चालकामागे बॉबमध्ये (त्या घसरगाडीत) बसून खाली यायचा बेत असेल तर ते कव्हर हवंच. वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो. मान-पाठीचं दुखणं असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा मोह टाळावा. लहान मुलांना घेत नाहीत, वयाची अट आधी विचारून घ्या.

कपड्यांत मी पहिल्या खेपेला जीन्सवर गेलो. शहराजवळच्या पात्शरकोफेल डोंगरावर दोन वेळा बर्फात बसकण मारली आणि उरलेला दिवस ओल्या गोणपाटात काढला. सुती कापड ओलं झालं की वाळत नाही. अंगाला चिकटणारं थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट अशा तीन थरांत जा. बुटांना खालून अडकवायचे रबरी काटे तिथेही मिळतात, पण इथूनच नेलेले बरे. पायवाटेवरचा बर्फ काचेसारखा होतो. गॉगल आणि सनस्क्रीन हवंच, कारण बर्फावरचं ऊन खालूनही भाजतं. मोबाइल आतल्या खिशात ठेवा. माझा वरच्या स्टेशनवर ४० टक्के दाखवत असताना थंडीने पटकन बंद पडला. तिकीट त्याच्यातच होतं!

शहरात उतरलात की ट्राम आणि बसचा हिशेब करा. इन्सब्रुक कार्ड २४, ४८ किंवा ७२ तासांचं मिळतं. त्यात शहरातला प्रवास, डोंगरावरच्या गाड्या आणि बर्गिझेलचा मनोरा येतो, त्यामुळे दोन दिवसांत सगळं बघायचं असेल तर तेच परवडतं. बर्गिझेलला १ नंबरची ट्राम जाते. ईग्ल्ससाठी ६ नंबरची घ्या. ती जंगलातून, आंब्रास किल्ल्याच्या अंगाने हळूहळू चढत जाते. बस लवकर पोचवते, तरी एकदा ट्रामनेच जा.

आता डोक्यातली तयारी. ती नसेल तर पात्शरकोफेल म्हणजे नुसता एक पांढरा डोंगर. १९७६ च्या ऑलिंपिकमधल्या स्कीच्या उतार शर्यतीचं चित्रण निघण्याआधी नक्की बघा. पिवळ्या पोशाखातला ऑस्ट्रियाचा फ्रान्झ क्लामर, पंधराव्या क्रमांकावर सुटलेला, मध्यावर मागे पडलेला, आणि शेवटी १ मिनिट ४५.७३ सेकंदांत स्वित्झर्लंडच्या बर्नहार्ड रुसीपेक्षा ०.३३ सेकंद पुढे. मग वर उभं राहून खाली बघा. टीव्हीवर हा उतार सपाट वाटतो, प्रत्यक्षात पोटात गोळा येतो. याच डोंगरावर १९६४ साली भारताचा पहिला हिवाळी ऑलिंपिक खेळाडू उतरला होता, मूळचा पोलिश जेरेमी बुजाकोव्स्की. त्याला शर्यत पूर्ण करता आली नाही. त्या वर्षी फारसा बर्फच पडला नव्हता. ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी डोंगरातून सुमारे ४०,००० घनमीटर बर्फ स्कीच्या उतारांवर आणून पसरला. आणि १९७६ ची स्पर्धा मुळात अमेरिकेतल्या डेन्व्हरची. तिथल्या मतदारांनी पैसे द्यायला नकार दिला म्हणून ती इकडे आली.

बर्गिझेलला मात्र घाई नको. मनोरा वास्तुविशारद झाहा हदीदने रचलेला, २००२ चा. वर कॅफे आहे, पण कॉफी नंतर. आधी खेळाडू जिथून सुटतो ती जागा बघा. एक आडवी दांडी, खाली दोन चर, बस्स. नजर सरळ सोडली की समोर व्हिल्टन भागातली चर्च आणि कबरस्तान दिसतं. उडी मारणाऱ्याला रोज हेच दिसत असणार, असं मनात आलं आणि मी दांडीपासून एक पाऊल मागे सरकलो. उन्हाळ्यात गेलात तर प्लास्टिकच्या ओल्या चटयांवर उतरणारे खेळाडू दिसू शकतात. बर्फ नसला म्हणजे फेरी फुकट गेली असं नाही.

खाण्यासाठी शनिवारीच दुकान गाठा, रविवारी बहुतेक किराणा दुकानं बंद असतात. शाकाहाऱ्यांनी केझेश्पेट्झलं, म्हणजे चीज घातलेले पिठाचे तुकडे, मागावेत. त्यात अंडं असतं, चालत नसेल तर लाडू-चिवड्याचा डबा बरोबर असू द्या. क्न्योडेल, म्हणजे उकडलेले गोळे, मागवताना ‘श्पेक’ आहे का ते विचारा, ते डुकराचं मांस.

शेवटी जाड मोजे आणि हातमोज्यांचा एक जादा जोड टाका. ऑलिंपिक हॉलशेजारी उघड्यावर बर्फाचा मोठा गोल आहे. हिवाळ्यात लोकांसाठी खुल्या असलेल्या वेळा पाहून जा, स्केट्स भाड्याने मिळतात. १९६४ साली सोव्हिएत वेग-स्केटर लिडिया स्कॉब्लिकोवाने लागोपाठ चार दिवसांत चार सुवर्णपदकं जिंकली, ती याच शहरात. शेवटची शर्यत ३,००० मीटरची, म्हणजे ४०० मीटरच्या साडेसात फेऱ्या. माझी कडेकडेने पाऊण झाली.