भूखंडाचे आरक्षण बदलत असेल तर हरकत कशी नोंदवावी : ठाणे-नवी मुंबईतील गृहनिर्माण संस्थांसाठी

शेजारच्या मोकळ्या भूखंडाभोवती पत्रे लागले की संस्थेच्या सभेत हमखास प्रश्न येतो, ‘आपल्याला कोणी विचारले का?’ पुष्कळदा विचारलेले असते. मात्र ते काही वर्षांपूर्वी, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टाइपातल्या जाहीर सूचनेत विचारलेले असते. त्या सूचनेला वेळेत आणि नेमके उत्तर कसे द्यावे, हे येथे सांगितले आहे.

आधी निर्णय कोणता आणि तो कोठे होतो, हे ओळखावे. भूखंडाचा वापर रहिवासाचा, वाणिज्याचा, हरित विभागाचा की उद्यान-मैदानाचा, हे विकास योजना ठरवते. त्यावरील इमारतीची उंची, चटईक्षेत्र (म्हणजे एकूण किती बांधकाम करता येईल ते) आणि सोडावयाची सामासिक अंतरे (इमारतीभोवतीची मोकळी जागा) २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ठरतात. त्या इमारतीला पाणी किती आणि कोठून मिळणार, हा विषय पाणीपुरवठा विभागाचा. नागरिकांकडून हरकती मागवण्याची कायदेशीर तरतूद मुख्यतः यांपैकी पहिल्या निर्णयासाठी आहे. म्हणून रहिवास विभागातील भूखंडावर नियमाप्रमाणे बांधकाम परवानगी मिळाल्यानंतर ‘येथे इमारत नको’ असा अर्ज करण्यात फारसा अर्थ उरत नाही. ती वेळ योजनेच्या टप्प्यावरच येऊन गेलेली असते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये यासाठी दोन मुख्य वाटा आहेत. संपूर्ण शहराची प्रारूप, म्हणजे कच्ची, विकास योजना कलम २६ खाली प्रसिद्ध होते, तर मंजूर योजनेतील एखाद्या भूखंडापुरता फेरबदल कलम ३७ खाली केला जातो. सूचना हाती येताच कलम कोणते आणि शेवटची तारीख कोणती, एवढे दोनच तपशील आधी वाचावेत. कलम ३७ च्या फेरबदलासाठी एक महिन्याची मुदत असते, आणि त्यातले पहिले दहा दिवस संस्थेची सभा बोलावण्यातच जातात, हा बहुतेकांचा अनुभव आहे.

त्यानंतर भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशातील आपल्या भूखंडापुरता भाग) आणि विभाग दाखला (भूखंड कोणत्या विभागात वा आरक्षणात येतो याचे प्रमाणपत्र) मिळवावा. ठाण्यात शहर विकास विभागाकडे आणि नवी मुंबईत नगररचना विभागाकडे अर्ज करावा लागतो. अर्जात गावाचे नाव आणि सर्व्हे क्रमांक-हिस्सा क्रमांक अचूक द्यावा. ‘आमच्या गेटसमोरचा प्लॉट’ हे वर्णन नकाशावर सापडत नाही. आमच्या संस्थेने एकदा शंभरावर सह्यांचे निवेदन मोठ्या उत्साहाने दिले होते आणि त्यात सर्व्हे क्रमांकच नव्हता. सुनावणीत पहिली दहा मिनिटे जागा कोणती हे सांगण्यात गेली. नवी मुंबईत सिडकोने (हे शहर वसवणाऱ्या शासकीय महामंडळाने) दिलेल्या भूखंडांची ओळख सेक्टर आणि भूखंड क्रमांकाने होते, आणि जमीन भाडेपट्ट्याची असल्याने करारात नमूद केलेला वापरही तपासावा लागतो. खारघर, कामोठे हे नोड (सिडकोच्या वसाहती) पनवेल महापालिकेच्या हद्दीत येतात. तेथील रहिवाशांनी सूचना कोणत्या प्राधिकरणाने काढली आहे, हे पाहूनच अर्ज करावा.

हरकतीचा मजकूर लिहिताना राग बाजूला ठेवावा. भूखंडाचे सध्याचे आरक्षण, प्रस्तावित वापर, त्यामुळे परिसरात कमी होणारी सुविधा आणि आपली मागणी, या क्रमाने लिहिल्यास वाचणाऱ्यास सोपे जाते. कलम ३७ च्या फेरबदलाने योजनेचे मूळ स्वरूप बदलता कामा नये, अशी कायद्याचीच अट आहे. वस्तीतले एकमेव मैदान वगळले जात असेल, तर हा मुद्दा सर्वांत आधी मांडावा.

पाण्याचा मुद्दा मात्र आकड्यांतच मांडावा. शहरी घरगुती वापरासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण सामान्यतः धरले जाते. समजा, नव्या वापरामुळे त्या भूखंडावर ४०० सदनिका होणार आहेत आणि प्रत्येकी पाच माणसे धरली, तर रोजची गरज २ लाख ७० हजार लिटर होते. म्हणजे दहा हजार लिटरचे सत्तावीस टँकर. ‘पाणी पुरणार नाही’ या वाक्यापेक्षा हा हिशेब अधिक बोलतो. त्याला जोडून विचारावे की हे पाणी कोणत्या जलकुंभातून येणार, त्या जलकुंभाची क्षमता किती आणि त्यावर आज किती जोडण्या आहेत. ही माहिती अर्ज करूनही मिळाली नाही, तर दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात मागावी. त्याचे उत्तर येण्यास तीस दिवस लागू शकतात, म्हणून तो अर्ज हरकतीची वाट न पाहता आधीच करावा.

येथे दोन्ही शहरांची स्थिती सारखी नाही. नवी मुंबई महापालिकेकडे खालापूर तालुक्यातील मोरबे धरण आहे. ठाण्याला स्वतःचे धरण नाही. महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा प्राधिकरण), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा स्रोतांवर शहर चालते. त्यामुळे ठाण्यातील हरकतीत ‘कोणत्या स्रोताचा वाढीव कोटा मंजूर झाला आहे’ हा प्रश्न अवश्य असावा. घोडबंदर परिसरातील पाणीटंचाईची दखल घेऊन २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथील नव्या बांधकाम परवानग्यांवर काही काळ बंधन घातले होते, यावरून हा प्रश्न गैरलागू नाही हे दिसते.

हरकत मुदतीत द्यावी, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्यावा. छापील मजकुराच्या दोनशे प्रतींपेक्षा संस्थेचा ठराव जोडलेली एक सविस्तर हरकत माझ्या मते अधिक उपयोगी पडते. प्रारूप योजनेवरील हरकतींची सुनावणी कलम २८ खालील नियोजन समिती घेते. सुनावणीला वेळ थोडाच मिळतो. म्हणून एकच वक्ता ठरवावा, भाग नकाशावर भूखंड रंगवून न्यावा आणि नवा मुद्दा सुचल्यास तो तेथेच लेखी द्यावा.

सुनावणी झाली म्हणजे काम संपले असे समजू नये. अंतिम मंजुरी राज्य शासन देते. प्रारूप योजना मंजूर करताना शासनाला त्यात मोठे बदल सुचवावेसे वाटले, तर तो भाग वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात आणि त्याची सूचना राजपत्रात येते. आपला भूखंड त्या वगळलेल्या भागात असल्यास आधीची हरकत पुरेशी ठरत नाही. जुन्या पोचेची प्रत जोडून ती नव्याने द्यावी लागते.