‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’ : आनुवंशिकतेबद्दलच्या या चुका टाळा

परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करते. सकाळी रिपोर्ट काउंटरवर, दुपारी आत मशीनवर. लग्नसराई तोंडावर आली की जोडपी रक्त तपासायला येतात, बरोबर निदान एकाची आई असतेच. फॉर्मवर एक रकाना आहे : कुटुंबात कुणाला रक्ताचा आजार? मुलगा-मुलगी पेन उचलायच्या आधी आई उत्तर देऊन मोकळी होते, “आमच्या घराण्यात असलं काही नाही.”

घराण्यात कोण कोण, असं विचारलं की आजोबा, पणजोबा, काका, चुलतभाऊ येतात. आईची आई येत नाही. मामा येत नाही. मावशीचं दोन वर्षांचं होऊन गेलेलं बाळ तर कुणाच्या लक्षातही नसतं. मराठीत घराणं आडनावामागून चालतं, आणि जनुकं निम्मी वडिलांकडून तर निम्मी आईकडून येतात. काउंटरवर ऐकू येणारे बहुतेक घोळ इथेच सुरू होतात.

“दोघांचा रक्तगट एकच आला, आता?”

काही नाही. पेढे वाटा.

बी आणि ओ हे आपल्याकडचे सर्वांत जास्त आढळणारे गट. दोघांचा एकच निघणं ही रोजची गोष्ट आहे आणि त्याचा मुलाबाळांवर काहीही परिणाम होत नाही. या समजापायी ठरलेली लग्नं अडल्याचं मी पाहिलंय, म्हणून चिडून लिहितेय.

पाहायचं असतं ते पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, तेही मुलगी निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असेल तेव्हाच. बाळंतपणात पॉझिटिव्ह बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं, तर आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि पुढच्या पॉझिटिव्ह बाळाला त्रास होतो. त्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे : गरोदरपणाच्या २८व्या आठवड्याच्या सुमारास एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत दुसरं. चूक होते ती गर्भपाताच्या वेळी. ‘मूल राहिलंच नाही’ म्हणून इंजेक्शनचा विषयच निघत नाही. तेव्हाही डॉक्टरांना आपण होऊन विचारा. निगेटिव्ह मुलीला नकार देणं हा मात्र शुद्ध अडाणीपणा आहे.

“हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत”

ही चूक आमच्याच घरी झाली. माझी आई कित्येक वर्षं लोहाच्या गोळ्या खात होती. बीट, खजूर, लोखंडी कढईतली भाजी, सगळं करून झालं. हिमोग्लोबिन दहाच्या पुढे सरकेना. “बायकांचं असंच असतं” म्हणून प्रत्येक डॉक्टरने गोळ्या पुढे चालू ठेवल्या. मी या कामाला लागल्यावर एकदा तिचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, माझ्याच मशीनवर लावला. हिमोग्लोबिन १०.२. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ६२. ते ८० ते १०० असावं लागतं. आणि तांबड्या पेशी ५४ लाख.

मी त्या तिसऱ्या आकड्यावर थांबले. लोह कमी असलं की पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही घटते. इथे पेशी चिमुकल्या, पण भरपूर. एमसीव्हीला पेशींच्या दशलक्षातल्या आकड्याने भागायचं : ६२ भागिले ५.४, साधारण साडेअकरा. १३च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यायचा. थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार, आणि मायनर म्हणजे त्याचा नुसता वाहक. हा नुसता इशारा असतो, निदान नव्हे. खात्री होते एचपीएलसी तपासणीने, ज्यात हिमोग्लोबिन ए-टूचं प्रमाण कळतं. साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की वाहक समजतात. आईचं ५.३ आलं. दुसऱ्या दिवशी मी माझं स्वतःचं लावलं. मीही वाहक.

वाहक म्हणजे आजारी नव्हे. जनुकाची एक प्रत बिघडलेली, दुसरी चांगली. माणूस आयुष्य नीट काढतो. पण दोन वाहकांचं लग्न झालं आणि बाळाला दोन्हीकडून बिघडलेलीच प्रत आली, तर थॅलेसेमिया मेजर. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं आणि त्या रक्तातून साठणारं लोह बाहेर काढायची औषधं. आईवडील दोघंही धडधाकट असल्यामुळे ‘घराण्यात’ कधी काही दिसलेलंच नसतं.

यातही दोन खाचखळगे आहेत. लोहाची खरोखर कमतरता असेल तर ए-टू खोटं कमी दिसू शकतं. आकडा काठावर असेल तर आधी लोह भरून काढा आणि मग पुन्हा तपासा. आणि वाहक निघाल्या-निघाल्या गोळ्या फेकूनही देऊ नका. वाहकालाही लोह कमी पडू शकतं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून डॉक्टरांना ठरवू द्या.

“पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली”

दोन वाहकांच्या बाबतीत आम्ही ‘चारात एक’ असं सांगतो आणि माणसं ते हप्त्यासारखं मोजतात. चाळीच्या गणपतीत हाउझी खेळतात ना, तिथे पिशवीतून एकदा निघालेला आकडा परत येत नाही. लोकांना वाटतं, हेही तसंच. वाईट आकडा निघून गेला. ही हाउझी नाही, सापशिडी आहे. फाशाला मागचं दान आठवत नाही. प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के, पहिल्यात तेवढेच आणि तिसऱ्यातही तेवढेच. दोन मुलं लागोपाठ आजारी असलेलं घर आणि तिन्ही मुलं ठणठणीत असलेलं घर, दोन्हीकडे हिशेब हाच.

“तो सिंध्यांचा आजार”

सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात हे खरं. पण सबंध देशात मिळून वाहकांचं प्रमाण सुमारे तीन ते चार टक्के धरलं जातं. संध्याकाळच्या विरार फास्टच्या गच्च डब्यात तीनशे-साडेतीनशे माणसं कोंबलेली असतात. त्यात दहा-बारा वाहक निघावेत, आणि त्यातल्या बहुतेकांना पत्ताही नसावा. आम्ही सिंधी नाही. कोकणातले आहोत.

तसंच सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचं. ‘विदर्भातला’, ‘आदिवासींचा’ अशी पाटी लावून माणसं निश्चिंत होतात. गोंदिया असो की नंदुरबार की पालघर, तिथून नोकरीला आलेली माणसं मुंबईतच तर भेटतात, प्रेमात पडतात, लग्न करतात. आणि इथे सगळ्यात फसवी चूक होते. ती सिकलसेलची वाहक, तो थॅलेसेमियाचा वाहक. “दोघांचे आजार वेगवेगळे, मग काय अडचण?” अडचण आहे. दोन्ही बिघाड हिमोग्लोबिनच्या एकाच साखळीचे, बीटा साखळीचे. बाळाकडे दोन्ही आले तर सिकल-बीटा थॅलेसेमिया होतो, आणि तो चांगलाच त्रास देऊ शकतो. बंगाल आणि ईशान्येकडे आढळणारं हिमोग्लोबिन ई थॅलेसेमियाबरोबर आलं तर तिथेही हीच कथा. रिपोर्ट हातात आले की शेजारी ठेवून, जोडीने वाचा.

असले बिघाड एवढे पसरले कसे, असं कुणीतरी विचारतंच. हिवतापामुळे. मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांनी एका घरात काय होईल ते कळतं. सबंध समाजात एखादं जनुक का टिकलं हे कळायला नैसर्गिक निवड, म्हणजे कोण जास्त तगलं ते, पाहावी लागते. १९४९ साली जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी मांडलं की थॅलेसेमियाचे वाहक हिवतापात जास्त तगत असावेत, म्हणून ते जनुक मागे उरलं. (हेच हाल्डेन पुढे भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले.) सिकलसेलच्या बाबतीत १९५४मध्ये अँथनी ॲलिसन या संशोधकाने तसा पुरावा दिला. तेव्हा घरात वाहक निघाला म्हणून खाली मान घालायचं कारण नाही. त्याच जनुकाने कधीकाळी एखादा पूर्वज तापातून वाचवला असेल. मात्र ‘मी वाहक, मला मलेरिया होत नाही’ म्हणून मच्छरदाणी काढू नका. संरक्षण अपुरं असतं.

“गोत्र वेगळं आहे, म्हणजे रक्त वेगळं”

गोत्र वडिलांकडून चालतं. म्हणून सगोत्र स्थळ नाकारून मामाची मुलगी करणारी घरं आपल्याकडे आहेत आणि त्यांना त्यात विसंगती दिसत नाही. सख्ख्या मामे-आते भावंडांत सरासरी एक-अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के जनुकं समान असतात. दहा पिढ्यांपूर्वी वेगळ्या झालेल्या शाखेतला सगोत्र माणूस त्यापुढे परकाच. एरवी जन्मजात दोषांचा धोका शंभरात दोन-तीन असतो, सख्ख्या मामे-आते भावंडांच्या मुलांत तो साधारण दुप्पट होतो. म्हणजे बहुतेकांची मुलं नीटच असतात. घाबरवायला नको, पण तपासणी टाळायलाही नको.

नातं नसलं तरी त्याच पट्ट्यातल्या पाच-पन्नास गावांत पिढ्यान् पिढ्या सोयरिकी होत राहिल्या की मंडळी लांबून नात्यातच असतात. मूळच्या थोड्या माणसांतल्या एखाद्याकडचा बिघाड मग सगळ्या समाजात फिरतो. आंध्र-तेलंगणाकडच्या आर्य वैश्य समाजात काहींच्या रक्तात एक विकर (एन्झाइम) कमी असतं; ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायचं एक ठरावीक औषध दिलं तर ते लवकर उतरत नाही, माणूस बराच वेळ स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी सांगितलेलं बरं. पारशी समाजाची २०११च्या जनगणनेतली देशभरातली संख्या ५७,२६४. त्यांच्यात जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता जास्त आढळते.

मामाकडचं विचारायला विसरू नका

जी-सिक्स-पीडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स आईकडून मिळतो, वडिलांकडून वाय. म्हणून वडिलांचा दोष मुलाकडे येत नाही आणि मामाचा भाच्याकडे येऊ शकतो, आई मधल्यामधे निरोगी. हिमोफिलिया, रंगांधळेपणा यांची वाटही हीच. दात पडला आणि रक्त थांबेना, तर आजोबांच्या घराण्याआधी मामाची चौकशी करा.

जी-सिक्स-पीडी कमी असलेली माणसं एरवी ठीक असतात. पावसाळ्यात व्हायवॅक्स मलेरिया झाला, त्यावरचं प्रायमाक्वीन हे औषध सुरू केलं आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर गोळ्या थांबवून लगेच डॉक्टरकडे. आणि घरातली एक चूक : माळ्यावरच्या ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेली झबली-दुपटी काढून थेट बाळाला घालणं. जी-सिक्स-पीडी कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वासानेसुद्धा फुटू शकतात आणि कावीळ चढते. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या टाकूच नका.

“आईबाप ओ, मग बाळ बी कसं?”

हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. मागच्या वर्षी एक तरुण बापमाणूस काउंटरशी बराच वेळ घुटमळला. मागे त्याची आई, न बोलता. अशा वेळी संशय घ्यायचा क्रम ठरलेला आहे, आणि त्यात बायको नाही.

आधी जुनं कार्ड. शाळेच्या नाहीतर कारखान्याच्या शिबिरात काचपट्टीवर घाईने केलेली तपासणी बरेचदा चुकते. त्या तरुणाचं तेच झालं. पाकिटातलं कार्ड ओ म्हणत होतं, नळीतली तपासणी बी. आई हसली नाही, पण खुर्चीवर बसली.

कार्ड बरोबर असेल तर पुढची शक्यता या शहराच्या नावाची. १९५२ साली केईएम रुग्णालयातल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तिची नोंद केली : बॉम्बे रक्तगट. ए आणि बी या खुणा तांबड्या पेशीवर ‘एच’ नावाच्या पायावर चढतात. एच बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर पायाच नाही. बीचं जनुक आत असूनही ते दिसत नाही आणि तपासणीत माणूस ओ वाटतो. जोडीदाराकडून चांगलं एच मिळालं की बाळात बी उघड होतो.

हे फक्त कुतूहल नाही. बॉम्बे गटाच्या माणसाला ओ रक्तही चालत नाही, कारण ओमध्ये एच सगळ्यात जास्त आणि याच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं. आपल्याकडे साधारण १०,०००मागे एक असा असतो. चूक लॅबची होते : उलट तपासणीत, म्हणजे रुग्णाचा रक्तद्रव माहीत असलेल्या गटांच्या पेशींशी लावून पाहताना, ए आणि बी पेशी लावतात, ओ पेशी लावायचं राहतं. ओ पेशींची गुठळी झाली की संशय घ्यायचा. निदान पक्कं झालं तर सख्ख्या भावंडांना तपासा. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक भावंड त्याच गटाचं असण्याची शक्यता चारात एक, आणि अडीअडचणीला पहिला रक्तदाता बहुधा घरातच सापडतो.

किरकोळीत

मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणं : एक्स की वाय ते बापाकडूनच ठरतं, विषय संपला. उंची : एका जनुकाचं काम नाही, हजारो जनुकं आणि लहानपणचं ताट दोन्ही लागतं, बाप सहा फुटी म्हणून पोराला दूध पाजून छळू नका. घारे डोळे : घाऱ्या आजीचा नातू काळ्याभोर डोळ्यांचा आणि पणतू पुन्हा घारा, हे चालायचंच.

वेळेचं मात्र किरकोळ नाही. दोघंही वाहक असतील तर गर्भाची तपासणी ११ ते १४ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन होते. आमच्याकडे माणसं पाचव्या महिन्यात येतात, कारण बायकोचा एमसीव्ही कमी आल्यावर नवऱ्याला बोलावलं तर त्याला सुट्टी मिळत नाही. लग्नाआधी जमलं नसेल तर निदान गरोदरपणाचं नाव नोंदवल्या आठवड्यात दोघांचंही रक्त द्या. उपाशी यायला लागत नाही. जांभळ्या झाकणाची एक नळी, दोन मिलिलिटर. रविवारी सकाळी सात ते बारा आम्ही उघडे असतो.