टीजीएचं बाळ आणि कॅथेटर: या चुका टाळा

हृदयातून महारोहिणी खालच्या उजव्या कप्प्यातून आणि फुप्फुसाची धमनी डाव्यातून निघाली, की रक्ताची दोन चक्रं एकमेकांत न मिसळता फिरत राहतात. हा टीजीए, म्हणजे मुख्य धमन्यांची जन्मजात अदलाबदल. फसवणारी गोष्ट अशी की बाळ वजनाला चांगलं असतं, रडतंही जोरात, बऱ्याचदा मर्मर (हृदयातला जादा आवाज) ऐकू येत नाही. नुसते ओठ आणि जीभ निळसर. 'गारठलंय, ऑक्सिजन लावून बघू' म्हणता म्हणता रात्र जाते. पूर्ण ऑक्सिजन देऊनही सॅच्युरेशन फारसं हलत नसेल तर लगेच इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या.

इकोनंतर 'आता कॅथ करून खात्री करू' हे जुनं वळण. कॅथ म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत बारीक नळी (कॅथेटर) नेऊन केलेली तपासणी किंवा उपचार. एकेकाळी निदान कॅथनेच व्हायचं. आज इकोत धमन्यांची अदलाबदल, वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र आणि बहुतेक वेळा कोरोनरी (हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या धमन्या) याही दिसतात. कोरोनरीबद्दल शंका उरली, किंवा मोठं व्हीएसडी (खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र) असलेलं बाळ उशिरा आलं आणि फुप्फुसातला दाब व रोध मोजायचा असेल, तर निदानासाठी कॅथ जरूर करा. एरवी ते उपचारासाठी.

तो उपचार म्हणजे बलून सेप्टोस्टॉमी: कॅथेटरच्या टोकाचा फुगा ओढून वरच्या पडद्यातलं छिद्र मोठं करायचं, म्हणजे दोन्ही चक्रांतलं रक्त मिसळतं. फिलाडेल्फियात रॅशकाइंड आणि मिलर यांनी 1966 मध्ये तो मांडला. प्रोस्टाग्लँडिन चालू आहे म्हणून तो लांबवणं ही मला सर्वांत महाग चूक वाटते. या औषधाने डक्टस (महारोहिणी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी, जन्मानंतर बंद होणारी वाहिनी) उघडा राहतो, फुप्फुसात रक्त वाढतं. पण वरच्या पडद्यातलं छिद्र चिमुकलं असेल तर ते रक्त डाव्या वरच्या कप्प्यात तुंबतं आणि बाळ धापा टाकू लागतं. अशा वेळी डोस वाढवत बसू नका. शिवाय या औषधाने श्वास थांबू शकतो. बाळाला दुसरीकडे हलवताना ॲम्ब्युलन्समध्ये श्वासनळीत नळी घालू शकणारा माणूस हवाच.

कॅथेटर नाळेच्या किंवा जांघेतल्या शिरेतून जातं, म्हणून नाळ अगदी मुळाशी कापू नका. फुगा फुगवण्याआधी तो खरंच डाव्या वरच्या कप्प्यात आहे, मायट्रल झडपेत (डाव्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या) किंवा फुप्फुसाच्या शिरेत अडकलेला नाही, हे इकोवर बघायचं. मग एकच छोटा, जोरकस हिसका. हळू ओढलं तर पडदा फाटत नाही, ताणला जाऊन पुन्हा आकसतो. महिन्याभरानंतर पडदा जाड होतो, नुसत्या फुग्याला दाद देत नाही. हे काम इकोच्या मदतीने एनआयसीयूतही (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं. कॅथ लॅब मोकळी होण्याची वाट बघत थांबायचं कारण नाही.

सॅच्युरेशन वर आलं, बाळ गुलाबी दिसलं, की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि 'ऑपरेशन महिना-दोन महिन्यांनी करू' म्हणतात. पण फुप्फुसातला दाब उतरला की खालच्या डाव्या कप्प्याचे स्नायू दुबळे होत जातात. नंतर शरीरभर रक्त ढकलायचा भार त्यांना पेलत नाही. व्हीएसडी नसेल तर आर्टेरियल स्विच (दोन्ही धमन्या आपापल्या योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया) साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हायला हवी.

स्विचनंतरही तपासण्या सोडू नका. फुप्फुसाच्या धमन्यांच्या फांद्या अरुंद होऊ शकतात, आणि त्या रुंदावायला पुन्हा कॅथेटरच लागतं.